एक साडी, दोन ब्लाउज आणि केळकरसर

नाटक संपतं, सेट मोडतो, भाड्याने आणलेले दिवे परत जातात. किस्से मात्र घरी जायचं नाव घेत नाहीत. आमच्या बहरीनमधल्या हौशी ग्रुपचं तसंच झालंय. नाटक होऊन वर्ष होत आलं. त्यातले संवाद आता कुणालाही आठवत नाहीत (प्रयोगातही काहींना आठवले नव्हते!), पण कपड्यांचा विषय निघाला की जो तो खुर्ची पुढे ओढून बसतो. गेल्या शुक्रवारी एका बारशात हेच झालं. बाळ बिचारं पाळण्यात, आणि सगळे आमच्याभोवती! तेव्हाच ठरवलं, आता हे लिहूनच टाकायचं.

नाटक केळकरसरांनी स्वतः लिहिलेलं. सर एका बँकेत रिस्क मॅनेजमेंटला आहेत. म्हणजे काय काय बिघडू शकतं याची काळजी करायचा त्यांना पगार मिळतो, आणि ते सुट्टीच्या दिवशी फुकटही करतात. कथा दुसऱ्या महायुद्धातल्या मुंबईची. कापडावर कंट्रोल आलाय, रेशनच्या दुकानापुढे रांगा लागल्यात, आणि एका चाळीतल्या बायका वारभर कापडासाठी जिवाचं रान करतायत. मी वेशभूषेला होते. एरवी सीफमधल्या एका इन्शुरन्स कंपनीत क्लेम्स बघते. दोन्हीकडे काम एकच, लोकांचं रडगाणं ऐकून घ्यायचं.

नायिका होत्या शुभाताई पाटणकर. चोवीस वर्षं या बाईंनी आमच्या प्रत्येक नाटकात चहा केला, प्रॉम्प्टिंग केलं, दुसऱ्यांना गजरे माळले. या वेळी ठरलेली नायिका मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली आणि केळकरसरांचं बोट शुभाताईंवर थांबलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शुभाताई मला हळूच म्हणाल्या, "मनीषा, मला बक्षीस नको आणि पेपरात फोटो नको. फक्त आमच्या ह्यांनी एकदा माझ्याकडे बघून काहीतरी म्हणावं. चांगलं, वाईट, काहीही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली गं!"

'हे' म्हणजे पाटणकर भावोजी. अस्करच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात शिफ्ट इंजिनीयर. अतिशय सज्जन माणूस. कुणाची गाडी हायवेवर बंद पडली की पोलिसांच्या आधी हे पोचतात. पण बायकोने काय नेसलंय, केस कापलेत की वाढवलेत, याची त्यांच्याकडे नोंदच होत नाही. शुभाताईंनी एकदा केस खांद्यापर्यंत कापले होते, तर भावोजी म्हणाले होते, "पंख्याचा आवाज येतोय का गं?"

*

पहिल्या मीटिंगला केळकरसरांनी प्रत्येकीच्या हातात एकेक कार्ड ठेवलं. पिवळं, जाड, स्वतः प्रिंट केलेलं. त्यावर लिहिलेलं: 'एक साडी, दोन ब्लाउज. संपूर्ण नाटकासाठी.' नवीन खरेदी बंद. जे काही असेल ते घरातलं जुनं.

"आपण रेशनिंग जगलो नाही तर स्टेजवर दिसणार कसं?" सर म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी उम्म अल हस्समला माझ्या फ्लॅटवर सगळ्या जणी आपापली 'साधी जुनी' साडी घेऊन आल्या. एकीची कांजीवरम, दुसरीची इरकल, तिसरीच्या साडीला हातभर जरीचा काठ. केळकरसर सोफ्यावर बसून एकेक साडी बघत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

"अश्विनी, ही साधी आहे?"

"सर, एकदम साधी! ही तर मी फक्त बारशाला नेसते."

आठवडाभरात काळा बाजार सुरू झाला. खरंच सांगते! फिक्या रंगाचं एक सुती ब्लाउजपीस तीन हातांतून फिरून एका डबा अळूवडीला विकलं गेलं. एकीने आपलं कार्ड दुसरीला दिलं आणि बदल्यात त्या दुसरीने दोन दिवस पहाटे हिच्या मुलांना शाळेत सोडलं. केळकरसरांना सुगावा लागला तेव्हा ते भयंकर चिडले. कपाटं तपासायचीच, म्हणाले. सुरुवात कुणाच्या घरापासून करायची यावर वाद नको म्हणून सरांनी मोठ्या मनाने स्वतःच्या घरापासून केली.

केळकरवहिनींच्या कपाटातून चार साड्या आणि सात ब्लाउजपीस निघाली.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही कंट्रोल लावणार हे मला सगळ्यांच्या आधी कळलं होतं ना!"

*

दुसरा हुकूम भुवयांचा. त्या काळी चाळीतल्या बायका थ्रेडिंग करत नव्हत्या, सबब आजपासून पार्लर बंद, अगदी पडद्यामागच्यांनाही. केस रंगवणं बंद, नेलपॉलिश बंद. नाटकाला अडीच महिने होते.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या भुवया एकमेकींना भेटल्या. पाचव्या आठवड्यात केसांत मधोमध पांढरा रस्ता तयार झाला. आणि एका सोमवारी आमच्या एचआर मॅनेजरने, मरियमने, मला केबिनमध्ये बोलावलं. मरियम बहरीनी, स्वभावाने फार प्रेमळ आणि मेकअपमध्ये कायम तय्यार. तिने दार लावलं, पाणी दिलं, टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला.

"हबीबती, घरी सगळं ठीक आहे ना?"

मी म्हटलं, ठीक आहे.

"मला सगळं कळतं," ती म्हणाली. "तू काही बोलू नकोस. दोन दिवस रजा घे. पगार कापणार नाही."

आता मी नाटकाचं सांगणारच होते, देवाशप्पथ! तोंडही उघडलं होतं. पण भरपगारी रजा हा शब्द कानात शिरला आणि डोळ्यांत आपोआप पाणी आलं. दोन दिवस मी ब्लाउजांना हुक लावले.

शुभाताईंच्या भुवया तर माझ्यापेक्षा जोमदार. त्यांना खालच्या कोल्ड स्टोअरवाल्या, म्हणजे इथल्या किराणा दुकानवाल्या, मलबारी चाचांनी विचारलं, "दीदी, बीमार हो?" बिल्डिंगच्या वॉचमनने विचारलं. समोरच्या फ्लॅटमधल्या फिलिपिनो नर्सने तर थायरॉइडची टेस्ट करून घ्या म्हणून चिठ्ठी लिहून दिली.

"आणि भावोजी?" मी विचारलं.

"काल जेवताना माझ्याकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, आता बोलणार. तर म्हणाले, आमटीत मीठ कमी आहे."

*

आता इब्राहिम मास्तर. मनामाच्या जुन्या बाजारात त्यांचं लेडीज टेलरचं दुकान. मूळचे राजापूरकडचे, इथे पस्तीस वर्षं. हात असा की माझं फाटकं जॅकेट त्यांनी एकदा रफू केलं, तर कुठे फाटलं होतं ते मला आजतागायत सापडलेलं नाही.

मी त्यांच्याकडे पाच साड्या नेल्या आणि म्हटलं, "मास्तर, यांना ठिगळं लावायचीत."

"फाटल्यात खय?"

"फाटल्या नाहीत. आधी फाडायच्या, मग ठिगळ लावायचं."

मास्तरांनी चष्म्यावरून माझ्या भुवयांकडे बघितलं. माझी तब्येत बरी नाही असं त्यांनाही वाटलं असणार. मग मी नाटकाचं, लढाईचं, कंट्रोलचं सगळं सांगितलं. "इंशाल्ला, गुरुवारी घेऊन जावा," म्हणाले.

गुरुवारी साड्या आणल्या, शुक्रवारी तालमीत नेसवल्या. केळकरसर दहा फुटांवरून बघतायत, पाच फुटांवरून बघतायत, शेवटी नाक लावून बघतायत.

"ठिगळं कुठेत?"

मलाही दिसेनात! मास्तरांनी रंगाला रंग, विणीला वीण जुळवून असं काम केलं होतं की साड्या आधीपेक्षा बऱ्या दिसत होत्या. मी परत दुकानात. मास्तर एकदम खूश.

"नाय ना दिसत? तेच तर! दिसलं तर मग मास्तर कशाला?"

"पण मास्तर, आम्हाला दिसायला पाहिजे. वाईट पाहिजे. वेडंवाकडं."

ते ऐकून मास्तर इतके दुखावले की त्यांनी चहासुद्धा विचारला नाही. वेडंवाकडं शिवायचं असेल तर बाजारात पुष्कळ दुकानं आहेत, म्हणाले. मी हातापाया पडले. अर्ध्या तासाने तयार झाले, पण एका अटीवर. कुणी विचारलं तर दुकानाचं नाव सांगायचं नाही!

आठ दिवसांनी साड्या आल्या आणि ठिगळं अशी भयाण की केळकरसरांचे डोळे भरून आले. मी मास्तरांना विचारलं, "कसं जमवलंत?"

"चष्मा काढून शिवलं, ताई. डोळ्यांनी बघून असलं काम माज्याच्यान व्हायचं नाय."

*

एक फजिती माझी स्वतःची. ती मी सांगितली नाही तर बाकीच्या सांगतील.

त्या काळात साडी विरली की ती टाकत नसत. मधला जीर्ण भाग काढून टाकायचा, दोन टोकांचे चांगले भाग एकमेकांना जोडायचे. त्या जोडाला म्हणतात दंड. कापड मिळेनासं झाल्यावर तर दोन वेगवेगळ्या साड्यांचे चांगले अर्धे जोडून एक साडी करत. केळकरसरांना स्टेजवर दंड घातलेली साडी हवीच होती. मास्तर पुन्हा दुखावतील म्हणून हे काम मी घरी करायचं ठरवलं. एक निळी साडी, एक तपकिरी. दोन्ही मधोमध कापल्या, मशीन काढलं, मोबाईलवर गाणी लावली आणि सरळ टीप मारली. दोन साड्या तयार! स्वतःवरच खूश होऊन शुभाताईंना नेसवायला घेतली.

निऱ्या घालायला साधं टोक शोधतेय, तर ते मिळेचना. या टोकाला निळा पदर, त्या टोकाला तपकिरी पदर. दोन्ही पदरांचे अर्धे एकत्र जोडले गेले होते, आणि दुसऱ्या साडीला पदरच नव्हता!

शेवटी गेलेच मास्तरांकडे. त्यांनी साडी काउंटरवर उलगडली, एक पदर बघितला, चालत जाऊन दुसरा बघितला.

"ताई, ही दोघींनी मिळून नेसायची काय?"

मास्तरांनी ती उसवून द्यायच्या आधी शुभाताईंनी ती एका संध्याकाळपुरती मागून नेली. घरी मुद्दाम नेसल्या. एक पदर पुढे, एक मागे. भावोजी ड्यूटीवरून आले, सोफ्यावर बसले. मागचा पदर सोफ्याभर पसरला होता. भावोजींनी तो अलगद उचलला, घडी घातली, बाजूला ठेवला आणि त्याखालचा रिमोट घेतला.

दुसऱ्या दिवशी हे सांगताना शुभाताई आधी खूप हसल्या. मी गाडी चालवत होते. मग सिग्नलला म्हणाल्या, "मुलगा कॅनडाला गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. कधीकधी वाटतं, माझ्या जागी दुसरी कुणी येऊन आमटी वाढून गेली तरी ह्यांना कळायचं नाही."

मी आपली उगाच एसी वाढवला.

*

अश्विनीचा किस्सा छोटा आहे, पण ती तो स्वतः इतका रंगवून सांगते की बाकीच्यांना जेवायला उशीर होतो. मी थोडक्यात सांगते.

तिला लष्करी ऑफिसातल्या टायपिस्टची भूमिका होती. फ्रॉक घालणारी, फॅशनेबल. लढाईत मोजे मिळेनात तेव्हा परदेशातल्या बायका उघड्या पोटरीवर मागून पेन्सिलीने उभी रेघ ओढायच्या, म्हणजे लांबून स्टॉकिंगची शिवण वाटावी. केळकरसरांनी हे कुठेतरी वाचलेलं. लगेच अश्विनीच्या दोन्ही पायांवर काजळाने रेघा!

तालीम संपल्यावर अश्विनी तशीच फ्रॉकमध्ये सीफच्या मॉलमध्ये गेली, मुलीसाठी काहीतरी बदलून घ्यायला. कपड्यांच्या दुकानातली सेल्सगर्ल तिच्या मागेमागे. शेवटी अदबीने म्हणाली, "मॅम, सॉरी, तुमच्या स्टॉकिंगची शिवण वाकडी झालीये." आणि नको नको म्हणेपर्यंत ती खाली बसून सरळ करायला लागली.

तिची बोटं काळी झाली. तिने बोटांकडे बघितलं, अश्विनीच्या पायाकडे बघितलं, आणि हळूच विचारलं, "मॅम, कुठला ब्रँड?"

अश्विनीची मुलगी तिथेच होती. मराठी सगळं कळतं, पण उत्तर कायम इंग्लिशमध्ये. घरी आल्यावर तिने जाहीर केलं, "मम्मा, आय डोन्ट नो यू." आणि पुढच्या आठवड्यात स्वतःच्या पायांवर तीच रेघ ओढून मैत्रिणीच्या पार्टीला गेली!

*

आणि आता प्रयोगाचा दिवस.

केळकरसरांचा सगळा जीव शेवटच्या अंकातल्या रांगेच्या प्रवेशात होता. पडदा उघडतो. कंट्रोलच्या दुकानापुढे पाच बायका रांगेत, प्रेक्षकांकडे पाठ करून. पाचही जणींच्या अंगावर तेच जाडंभरडं मळकट कापड, डोक्यावरून तसाच पदर, तशीच वाकलेली मान. कुणी हलायचं नाही. दीड मिनिट पूर्ण शांतता. लढाईने सगळ्यांना एकसारखं करून टाकलं, यातली आपली नायिका कोण हे प्रेक्षकांना कळताच कामा नये! मग दुकानदार ओरडतो, "कापड खलास!" आणि त्यातली एक वळते. ती नायिका.

(खलास हा शब्द सरांनी मुंबईचा म्हणून घातला होता. इथे पस्तीस वर्षं राहिलेल्या मास्तरांनी तो आमचा अरबी आहे म्हणून हक्क सांगितला. तो वाद अजून मिटलेला नाही.)

पाचही जणी सारख्या दिसाव्यात म्हणून सरांनी काय करायचं बाकी ठेवलं नव्हतं. बुटक्या अश्विनीच्या पायाखाली दोन फरशा. बारीक असणाऱ्यांच्या कमरेला टॉवेल. रंगीत तालमीत हे इतकं झकास जमलं की सर हॉलच्या मागून ओरडले, "शुभाताई, मान अजून खाली!" ज्यांना ओरडले त्या केळकरवहिनी होत्या. वहिनी दोन दिवस सरांशी बोलल्या नाहीत. पण सर मात्र खूश. स्वतःची बायको ओळखू आली नाही, म्हणजे वेशभूषा पास!

प्रयोगाला हॉल भरला. पाचव्या रांगेत कडेची एक खुर्ची शुभाताईंनी पर्स ठेवून अडवायला सांगितली होती. भावोजींची शिफ्ट होती. कुणाशी तरी बदलून घेतो म्हणाले होते. पहिला अंक झाला, पर्स तशीच. शुभाताई प्रत्येक एक्झिटला विंगेत येऊन माझ्याकडे बघायच्या आणि मी नकारार्थी मान हलवायचे. दुसरा अंक झाला. पर्स तशीच. मध्यंतरात त्यांनी विचारणंच सोडून दिलं. मी त्यांना ते मळकट कापड नेसवत होते, तेव्हा म्हणाल्या, "घट्ट नेसव गं, सुटायला नको," आणि डोळ्यांतलं काजळ टिपायला लागल्या. मला भावोजींचा असा राग आला की काय सांगू!

शेवटच्या अंकाची घंटा झाली. दिवे गेले. त्या अंधारात हॉलचं दार उघडलं आणि कुणीतरी वाकून वाकून पाचव्या रांगेकडे आलं. कंपनीचा युनिफॉर्म, पायात सेफ्टी शूज. पर्स उचलली, मांडीवर घेतली आणि बसले. मी विंगेतून हे बघितलं, पण शुभाताई तोवर रांगेत जाऊन उभ्या राहिल्या होत्या, पाठ करून. त्यांना सांगणार कसं?

पडदा उघडला.

पाच मळकट पाठी. सगळा हॉल चिडीचूप. पुढच्या रांगेतून अश्विनीच्या मुलीचा आवाज आला, "विच वन इज मम्मा?" कुणाला काही सांगता येईना. समोरच्या विंगेत केळकरसर दोन्ही हात छातीशी धरून उभे होते, आयुष्याचं सार्थक झाल्यासारखे. वीस सेकंद. तीस सेकंद. कुणी हलत नव्हतं.

आणि पाचव्या रांगेतून, मशीनच्या घरघरीतही ऐकू जाईल असं बोलायची सवय असलेला, खणखणीत आवाज आला.

"शुभा, डाव्या पायावर भार देऊ नकोस! रात्री गुडघा दुखेल!"

केळकरसर मटकन विंगेत बसले. आणि स्टेजवरच्या त्या पाच जणींतली, डावीकडून चौथी, मान न वळवता हळूच उजव्या पायावर उभी राहिली.